इंटरनॅशनल टॅक्समध्ये नवीन येताय? आधी कोण कुठे बसून काय करतं ते विचारा

सुरुवातीच्या काळातल्या एका फाइलबद्दल आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं मी तिथेच शिकले. एका ग्रुपची सबसिडियरी दरवर्षी पॅरेंट कंपनीला मॅनेजमेंट फी द्यायची. अ‍ॅग्रीमेंट नीट होतं, सह्या होत्या, खर्चावर ५ टक्के मार्कअप, त्याला बेंचमार्किंगचा, म्हणजे तशाच स्वतंत्र कंपन्यांच्या नफ्याशी तुलनेचा, आधार, सगळं जिथल्या तिथे. ऑडिटला टॅक्स ऑफिसरने फाइल चाळली आणि एकच विचारलं, या तीन वर्षांत त्यांनी तुमच्यासाठी नेमकं काय केलं ते दाखवा. आमच्याकडे दाखवायला होतं फक्त इनव्हॉइस आणि त्यावर एक ओळ, मॅनेजमेंट सर्व्हिसेस. काम झालंच नव्हतं असं अजिबात नाही, पॅरेंटमधल्या एक मॅडम दर आठवड्याला इकडच्या फायनान्स टीमसोबत कॉलवर बसून कॅश फ्लो, बँकेशी बोलणी सगळं बघायच्या, पण त्या नोकरी सोडून गेलेल्या आणि त्यांचा मेलबॉक्स नियमाप्रमाणे डिलीट झालेला. फीचा मोठा हिस्सा खर्च म्हणून नामंजूर झाला. तिकडे पॅरेंटच्या देशात त्याच रकमेवर उत्पन्न म्हणून टॅक्स भरून झालेला, म्हणजे एकाच पैशावर दोन देशांत टॅक्स. मग ट्रीटीखाली, म्हणजे दोन देशांमधल्या टॅक्स कराराखाली, म्युच्युअल अ‍ॅग्रीमेंट प्रोसिजर, ज्याला सगळे मॅप म्हणतात, ती सुरू करून दोन्ही देशांच्या टॅक्स खात्यांना आपसात बोलायला लावलं, त्यात दोन वर्षांहून जास्त गेली.

तेव्हापासून कुठलीही फाइल हातात आली की मी कायदा नंतर उघडते, आधी कोण माणूस कुठे बसून काय काम करतो आणि त्याचा पुरावा कुठे पडलाय ते विचारते. नवीन मुलं-मुली आर्टिकल नंबर पाठ करून येतात, चांगलंच आहे ते, पण मी पाहिलेल्या बहुतेक केसेसमध्ये कायद्याच्या अर्थावरून कमी आणि खरं काय घडलं ते दाखवता न आल्यामुळे जास्त नुकसान झालंय. आता मी प्रत्येक तिमाहीला सर्व्हिस देणाऱ्या टीमला एक छोटा मेल टाकते की या तीन महिन्यांत केलेल्या कामाचे तीन नमुने पाठवा, एखादं प्रेझेंटेशन, एखादा रिपोर्ट, मीटिंगच्या नोट्स, आणि ते वर्षाच्या फोल्डरमध्ये जातं. दहा मिनिटांचं काम आहे. लोक कंटाळा करतात, तरी मागे लागायचं.

आता ट्रीटीबद्दल. जगात तीन हजारांहून जास्त द्विपक्षीय टॅक्स ट्रीटी आहेत आणि बहुतेक सगळ्या ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) किंवा यूएनच्या मॉडेलवरून, म्हणजे नमुना करारावरून, लिहिलेल्या आहेत, ओईसीडीचा पहिला मसुदा १९६३ चा, मॉडेल १९७७ चं आणि यूएनचं १९८० चं. त्यामुळे एक मॉडेल नीट कळलं की बाकीच्या ट्रीटी वाचताना फक्त फरक शोधायचा असतो. नवीन लोक क्रम हमखास चुकवतात. ट्रीटी साधारणपणे टॅक्स लावत नाही, ती देशाचा टॅक्स लावायचा हक्क कमी करते. म्हणून आधी त्या देशाचा स्वतःचा कायदा बघायचा की टॅक्स लागतो का आणि किती, मग ट्रीटी तो कमी करते का ते बघायचं. स्थानिक कायद्यात टॅक्सच नसेल तर ट्रीटी उघडायची गरजच पडत नाही. आणि जुनी प्रिंट वापरू नका. जून २०१७ मध्ये पॅरिसला मल्टिलॅटरल इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या एका करारावर, सह्या झाल्या, तो लागू होत गेला तसं शेकडो ट्रीटी कशा लागू होतात ते बदललं, पण मूळ ट्रीटीच्या कागदावर तो बदल दिसत नाही, दोन्ही देशांनी काय निवडलंय ते वेगळं तपासावं लागतं. त्यातच प्रिन्सिपल पर्पज टेस्ट आली, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य हेतूंपैकी एक हेतू जरी ट्रीटीचा फायदा उकळणं हा असेल तर तो फायदा नाकारता येतो.

विदहोल्डिंग टॅक्स, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरायचा टॅक्स, त्याचं गणित एकदा हाताने करून बघाच, त्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. समजा तुमच्या कंपनीने परदेशातल्या ग्राहकाला १०० चं इनव्हॉइस लावलं, खर्च ९०, नफा १०. ग्राहकाच्या देशात १० टक्के विदहोल्डिंग आहे आणि ते नफ्यावर नाही, पूर्ण १०० वर कापलं जातं, म्हणजे १० गेले. आपल्या देशात कंपनीचा टॅक्स २५ टक्के धरला तर १० च्या नफ्यावर टॅक्स होतो २.५, आणि बाहेर कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे इथल्या टॅक्समधून वजावट, मिळतं सहसा तेवढंच, २.५. उरलेले ७.५ कुणी परत देत नाही. टॅक्स भरून झाल्यावर हातात शून्य. दर नुसता १० टक्के दिसतो पण त्याने पूर्ण नफा खाल्ला. आता करारात जर लिहिलेलं असेल की आम्हाला निव्वळ १०० मिळाले पाहिजेत तर ग्राहकाला इनव्हॉइस १११.११ ला न्यावं लागतं. म्हणून सेल्सवाले किंमत ठरवतात त्या टेबलावर टॅक्सचा माणूस पाहिजे, करार झाल्यावर बोलावलं तर करण्यासारखं फार कमी उरतं. रक्कम रॉयल्टी आहे, टेक्निकल फी आहे की साधा बिझनेस प्रॉफिट, हेही आधीच ठरतं, करारातल्या दोन वाक्यांवरून आणि प्रत्यक्ष काय पुरवलं जातंय त्यावरून. आणि टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे कंपनी आपल्या देशाची टॅक्स रहिवासी आहे असा दाखला, ज्यावर ट्रीटीचा कमी दर मिळतो, तो पेमेंटच्या आधी हातात पाहिजे. एकदा आमचं सर्टिफिकेट पेमेंटनंतर आठवड्याने आलं, तोवर समोरच्याने पूर्ण दराने कापून सरकारला भरून टाकलं होतं, रिफंडसाठी जो पाठपुरावा करावा लागला तो टाळता आला असता.

पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट, आमच्या भाषेत पीई, म्हणजे परदेशात कंपनीचं असं ठाण मांडलेलं काम की तिथल्या नफ्यावर तो देश टॅक्स लावू शकतो. हा विषय पुस्तकात आर्टिकल ५ आहे आणि प्रत्यक्षात तो ट्रॅव्हल डेस्कच्या एक्सेल शीटमध्ये असतो. एका प्रोजेक्टमध्ये ग्राहकाकडे मशिन बसवायला इंजिनिअर्सची टीम गेली, प्लॅन पाच महिन्यांचा. पार्ट उशिरा आले, ग्राहकाने डिझाइन बदललं, आणि काम चौदा महिने चाललं. टॅक्स टीमला कुणी कळवलंच नाही, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नाही की यात टॅक्सचं काही आहे. ओईसीडीच्या मॉडेलमध्ये बांधकाम किंवा इन्स्टॉलेशनच्या साइटला १२ महिन्यांची मर्यादा आहे, यूएनच्या मॉडेलमध्ये ६ महिन्यांची, त्यामुळे कुठली ट्रीटी लागू आहे त्यावर उत्तर बदलतं, आमच्या केसमध्ये दोन्ही मर्यादा उलटून गेल्या होत्या. पीई झाली की तिथे रजिस्ट्रेशन, रिटर्न, नफ्याची वाटणी हे तर आलंच, पण खरा त्रास त्या इंजिनिअर्सना झाला. आर्टिकल १५ मध्ये, दुसऱ्या देशात कामाला गेलेल्या माणसाच्या पगारावर तिथे टॅक्स न लागण्याची, १८३ दिवसांची जी सूट सगळ्यांना माहीत असते तिला आणखी दोन अटी आहेत, पगार देणारा त्या देशातला रहिवासी नको आणि पगाराचा भार तिथल्या पीईवर पडायला नको. पीई उभी राहिली आणि पगार तिच्या खर्चात गेला की दिवस कितीही कमी असोत, सूट गेली. दोन महिने जाऊन आलेल्या मुलांनाही तिथे रिटर्न भरावं लागलं. तेव्हापासून मी दर महिन्याला तिकिटांची यादी मागते, कोण, कुठे, किती दिवस. त्याच्याइतका उपयोगाचा कागद मला या कामात दुसरा मिळालेला नाही.

ट्रान्सफर प्रायसिंगवर, म्हणजे एकाच ग्रुपच्या कंपन्यांनी आपसातल्या व्यवहारांच्या किमती कशा ठरवाव्या त्यावर, लिहायचं म्हटलं तर संपणार नाही. पद्धती पाच आहेत, सीयूपी (बाहेरच्या तशाच व्यवहाराच्या किमतीशी तुलना), रिसेल प्राइस, कॉस्ट प्लस, टीएनएमएम (निव्वळ नफ्याच्या प्रमाणाची तुलना) आणि प्रॉफिट स्प्लिट, त्या दोन आठवड्यांत कळतात. शिकायला वर्षं लागतात ते फंक्शनल इंटरव्ह्यूला. कंपनीच्या माणसासमोर बसून कोण कुठलं काम करतं, कुठली मालमत्ता वापरतं, कुठला धोका उचलतं हे काढून घ्यायचं असतं. नवीन माणूस विचारतो, इन्व्हेंटरी रिस्क तुमच्याकडे आहे का? समोरचा वेअरहाउस मॅनेजर म्हणतो नाही, आणि फाइलमध्ये नाही लिहिलं जातं. असं विचारायचंच नाही. विचारायचं की माल पडून राहिला, विकला गेला नाही, तर पहिला फोन कोणाला येतो? तो माल स्वस्तात काढायचा की टाकून द्यायचा हे शेवटी कोण ठरवतं? ते पैसे कोणाच्या बजेटमधून जातात? मग तो माणूस अर्धा तास बोलतो आणि तुम्हाला कळतं की अ‍ॅग्रीमेंटमध्ये जी कंपनी धोका उचलते असं लिहिलंय तिथे असा निर्णय घेऊ शकणारा एकही माणूस नाही. ओईसीडीच्या गाइडलाइन्समध्ये २०१५ नंतर हाच मुद्दा मध्यवर्ती झालाय, कागदावर धोका कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर भागत नाही, तो सांभाळणारी माणसं आणि झेपवणारा पैसा कुठे आहे ते बघितलं जातं.

बेंचमार्किंगमध्ये डेटाबेसने दिलेली यादी तशीच उचलू नका. प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. डिस्ट्रिब्युटर म्हणून घेतलेल्या एका कंपनीच्या अहवालात मला स्वतःच्या कारखान्याचा फोटो सापडला होता, ती त्या सेटमध्ये राहिली असती तर पूर्ण रेंजच खोटी ठरली असती. आणखी एक गोष्ट, वर्षाच्या शेवटी ग्रुपमधल्या किमती बदलून मार्जिन जुळवायला जे अ‍ॅडजस्टमेंट करतात त्याआधी कस्टम्सच्या टीमशी बोला. आयात किंमत जास्त दिसली की इनकम टॅक्सवाला हरकत घेतो आणि कमी दिसली की कस्टम्सवाला, आणि इनव्हॉइस दोघांसमोर एकच असतं.

प्लॅनिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ग्रुपला दोनदा टॅक्स बसू नये, मिळणारी सवलत सुटू नये, नफा जिथे काम होतं तिथे दिसावा, हे प्लॅनिंग आहे आणि ते मनापासून करण्यासारखं काम आहे. नुसत्या कागदावर उभ्या केलेल्या रचना मात्र टिकत नाहीत. डबल आयरिश नावाची रचना, म्हणजे दोन आयरिश कंपन्यांतून नफा टॅक्स नसलेल्या देशाकडे वळवणं, वर्षानुवर्षं चालली, २०१५ पासून नव्यांसाठी बंद झाली आणि जुन्यांना २०२० अखेरपर्यंतच मुदत मिळाली. आयर्लंडमधल्या अ‍ॅपलच्या केसमध्ये युरोपियन कमिशनने २०१६ साली आयर्लंडला अ‍ॅपलकडून १३ अब्ज युरो टॅक्स वसूल करायला सांगितलं, मधे निकाल उलटला, पण सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने कमिशनचं म्हणणं कायम केलं. ज्या वर्षांबद्दल हा वाद होता ती कधीच मागे पडलेली. एखादी रचना कुणी समोर ठेवली तर मी एवढंच विचारते, टॅक्स बाजूला ठेवला तरी ही कंपनी इथे काढली असती का? उत्तराला वेळ लागला की मी सही करत नाही.

पिलर टू तुम्हाला सगळीकडे भेटेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून जास्त देशांनी मान्य केलं की ७५ कोटी युरो किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या ग्रुपवर प्रत्येक देशात किमान १५ टक्के टॅक्स असावा, कमी पडला तर उरलेला भाग टॉप-अप टॅक्स म्हणून कुठला तरी देश वसूल करेल, बऱ्याच देशांत हे २०२४ पासून सुरूही झालं. याचा सरळ परिणाम असा की एखाद्या देशाने टॅक्स हॉलिडे, म्हणजे काही वर्षं टॅक्समाफी, दिली तरी तो फायदा दुसऱ्या देशाच्या टॉप-अप टॅक्समध्ये जाऊ शकतो, तिथे खरी माणसं आणि मशिनरी असेल तर पगार आणि मालमत्तेवर थोडी वजावट मिळते एवढंच. या कामाला कायदा जाणणाऱ्यांइतकीच कन्सॉलिडेशन (ग्रुपचे एकत्र हिशेब), डिफर्ड टॅक्स (पुढच्या वर्षांवर ढकललेला टॅक्स) आणि ईआरपीतला, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला, डेटा जाणणारी माणसं लागतात आणि ती फार कमी आहेत. अकाउंटिंगमधून येणाऱ्यांना इथे चांगली जागा आहे.

कम्प्लायन्सला कमी समजू नका. माझं म्हणणं आहे की पहिली दोन-तीन वर्षं त्यातच घालवावी, रिटर्न, ट्रान्सफर प्रायसिंगची लोकल फाइल (एका देशातल्या कंपनीची), मास्टर फाइल (पूर्ण ग्रुपची), कंट्री-बाय-कंट्री रिपोर्ट (देशवार नफा आणि टॅक्स), विदहोल्डिंगचे फॉर्म. प्रत्येक देशाचं वर्ष वेगळं संपतं, मुदती वेगळ्या, काही ठिकाणी रिटर्नसोबत डॉक्युमेंटेशन तयार लागतं तर काही ठिकाणी मागितल्यावर ठराविक दिवसांत द्यायचं असतं. एक कॅलेंडर बनवा आणि प्रत्येक तारखेसमोर माणसाचं नाव लिहा, डिपार्टमेंटचं नाही. बंद पडलेल्या कंपन्याही त्यात घ्या, त्यांच्याच नोटिसा न बघता पडून राहतात. मॅपसाठी अर्ज करायला ओईसीडीच्या मॉडेलमध्ये पहिल्या नोटिफिकेशनपासून तीन वर्षं आहेत, ती तारीख नोटीस आली त्याच दिवशी टाकायची.

अभ्यासाचं विचाराल तर लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ टॅक्सेशनचा एडीआयटी हा इंटरनॅशनल टॅक्सचा डिप्लोमा चांगला आहे, २००४ पासून आहे आणि कुठल्याही देशातून करता येतो. नोकरी करत करत केलात तर जास्त समजेल. वाचायला ओईसीडी मॉडेलची कॉमेंटरी आणि ट्रान्सफर प्रायसिंग गाइडलाइन्सची २०२२ ची आवृत्ती घ्या, सगळी एकदम नको, गाइडलाइन्समधला चॅप्टर १ (मूळ तत्त्व) आणि ७ (ग्रुपमधल्या सर्व्हिसेस) आधी, कर्जाचं काम आलं की चॅप्टर १०. आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात सिनिअरला सांगा की फंक्शनल इंटरव्ह्यूला मला सोबत न्या, नोट्स मी घेते, मी घेतो. वेअरहाउस मॅनेजर, सेल्स हेड, पगार करणारी व्यक्ती, सगळ्यांचे. नोट्स त्याच दिवशी टाइप करून त्या माणसाला मेल करा आणि बरोबर आहे म्हणून उत्तर मागून घ्या. ते उत्तर जपून ठेवा, मेलबॉक्समध्ये नाही, फोल्डरमध्ये.