नॉयर साय-फाय शॉर्टफिल्म करताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका एडिटिंग रूममध्ये तीन पोरांनी मला त्यांची १८ मिनिटांची शॉर्टफिल्म दाखवली. भविष्यातलं कोल्हापूर. माणसं पैशासाठी सावकाराकडे आठवणी गहाण टाकतात आणि एक डिटेक्टिव्ह हरवलेल्या बाईचा माग काढत फिरतो. सगळं शूट उद्यमनगरात, रात्रीचं. ओला रस्ता, वेल्डिंगच्या ठिणग्या, बंद शटरवर निळा उजेड. डोळ्यांचं पारणं फिटावं अशा फ्रेम. मध्येच थांबवून मी विचारलं, "हा त्या बाईला का शोधतोय?" एक म्हणाला, पैशासाठी. दुसरा म्हणाला, प्रेम असणार. कॅमेरा केलेला पोरगा गप्प राहिला.

अशा फिल्म बहुतेक वेळा याच जागी फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लूक आधी, गोष्ट नंतर

निळा-नारिंगी उजेड, धूर, पाऊस, लांब कोट एवढं जमलं की नॉयर झालं असं वाटतं. १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी ज्या अमेरिकन गुन्हेपटांना 'फिल्म नॉयर', म्हणजे 'काळा सिनेमा' म्हटलं, त्यांतला अंधार कथानकातच मुरलेला होता. कोणीतरी काहीतरी लपवतंय, कोणाला तरी ते दिसत नाहीये, आणि सावली ते काम करते. म्हणून लाइट लावण्याआधी प्रत्येक सीनला एकच प्रश्न विचारा: इथं कोणापासून काय लपलंय? उत्तर सापडेपर्यंत लाइटला हात लावू नका.

या पोरांकडे रहस्य फार चांगलं होतं. त्या बाईची आठवण डिटेक्टिव्हनेच गहाण टाकली होती आणि ते त्याला ठाऊक नव्हतं. पण आपल्याला ते कळत होतं शेवटच्या मिनिटाला, सावकाराच्या लांबलचक संवादातून. गहाणवहीच्या सीनमध्ये तर दिव्यावर निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून चेहरा, भिंत, वही सगळ्यांवर सारखाच उजेड सोडलेला.

एका संध्याकाळी तेवढाच शॉट परत घेतला. जिलेटिन काढलं. गाळ्याचं शटर खालून वीतभर उघडं ठेवलं आणि बाहेर जमिनीवर एलईडी ट्यूब आडवी टाकली. आत फरशीवर उजेडाचा एक पट्टा पडला, त्यात उघडी वही. डिटेक्टिव्ह उकिडवा बसलाय, चेहरा काळोखात. पानं उलटताना बाहेर पावलं वाजतात, तो मान वळवतो, आणि त्याच क्षणी पट्ट्यात त्याचं स्वतःचं नाव येतं. मग तो घाईनं वही मिटतो. नाव आपण वाचलं, त्यानं नाही.

हा शॉट पाचव्या मिनिटाला बसवला. त्यापुढचं पावसातलं चालणं आधी रटाळ वाटायचं, तेच आता अंगावर यायला लागलं.

कळत नाही म्हणून वरून निवेदन

एडिटला बसल्यावर गोष्ट लागेना की पहिला उपाय निवेदनाचाच सुचतो. पोरांनीही तेच केलं होतं. भविष्यातल्या शहरात घडणारा नॉयर साय-फाय 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये आला तेव्हा चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले आणि नायकाचं निवेदन घालून चित्रपट बाहेर पडला. १९९२ च्या आवृत्तीत ते काढलं, आणि माझ्या मते चित्रपटाला तेव्हा श्वास मिळाला. खिडक्यांतून खोल्यांत फिरत येणारे बाहेरचे झोत बघा. या शहरात घराच्या आतसुद्धा माणसाला आडोसा नाही, हे त्या झोतांनी सांगून टाकलंय. 'डार्क सिटी'त (१९९८) सुरुवातीच्या निवेदनानं शहराचं गुपितच फोडलं होतं. २००८ च्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत ते गेलं.

आपल्या गावात तर शब्दांवाचून सांगण्याचा धडा आहे. कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' १९२५ चा, मूकपट. पुढं १९३६ मध्ये त्यांनी तो बोलपट म्हणून परत केला. त्या बोलपटातली अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं, हे दृश्य निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांच्या कित्येक वर्षं मनात राहिलं. पोरांच्या गोष्टीतही सावकारच आहे, म्हणून त्यांना मी हे मुद्दाम सांगितलं.

निवेदन ठेवायचंच असेल तर ते चित्राशी भांडू दे. डिटेक्टिव्ह म्हणतो, "मी तिला ओळखत नाही," आणि तिचा कंगवा त्याच्या खिशात दिसतो. असं असेल तर जरूर ठेवा.

अंधार म्हणजे कमी एक्स्पोजर नव्हे

मोबाइल ऑटोवर असला की काळोख उजळायला बघतो. सगळं राखाडी होतं आणि दाणे येतात. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, लॉक करा. एक ठळक दिवा लावा, बाकीचे बंद करा. नंतर ग्रेडिंगमध्ये (शूटनंतर रंग-उजेड जुळवताना) काळं करू म्हणून सोडून देऊ नका. पाऊस आणि धूर उठून दिसतात ते मागून उजेड आला की. समोरून लाइट मारला तर थेंब हरवतात. धुरासाठी धुपाटण्यातला ऊद चालतो, पण गाळ्याचं दार उघडं असू द्या.

उसनं शहर

जपानी अक्षरांचे निऑन बोर्ड छापून आणू नका. फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांनी १९६५ मध्ये 'अल्फाव्हिल' केला तो सेट न उभारता. त्या काळचं पॅरिसच रात्री चित्रित करून परकं शहर म्हणून दाखवलं. आपल्याकडे लेथवरचा पिवळा दिवा आहे, शाहूपुरीत गुळाच्या रव्यांची थप्पी आहे, पंचगंगेचं पाणी चढल्यावर बंद झालेला रस्ता आहे. आठवण गहाण टाकायची तर पावती मराठीत असू दे आणि तिच्यावर व्याजाचा दर लिहिलेला असू दे.

एडिट लॉक करण्याआधी आवाज पूर्ण बंद करून फिल्म अशा कोणाला तरी दाखवा, ज्याला गोष्ट माहीत नाही. पोरांनी कॅमेरावाल्याच्या आजीला दाखवली. वहीच्या शॉटला आजी पुढं सरकून म्हणाली, "अगं बया, ह्येचंच नाव हाय की!" निवेदनाचा ट्रॅक त्यांनी त्याच रात्री काढून टाकला.