फाइलच्या नावामुळे आलेली अडचण: माझा अनुभव

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आमच्या संख्यात्मक गणनांच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) यादृच्छिक नमुने तयार करणारी फाइल मी ‘रँडम.पीवाय’ या नावाने ठेवली होती. त्याच फोल्डरमधली चाचणीची स्क्रिप्ट चालवली की नमपाय (आकडेमोडीची पायथन लायब्ररी) इम्पोर्ट होतानाच त्रुटी येई, आणि मी दोन दिवस नमपाय पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात घालवले. अखेर इम्पोर्ट झालेल्या ‘रँडम’ मॉड्यूलचा (कोडच्या फाइलचा) मार्ग छापून पाहिला, तेव्हा तो आमच्याच फोल्डरचा निघाला. स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये असते ते फोल्डर पायथन शोधमार्गात (मॉड्यूल शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) सर्वांत आधी धरतो, त्यामुळे पायथनसोबत येणाऱ्या प्रमाण लायब्ररीतले त्याच नावाचे मॉड्यूल झाकले गेले होते आणि नमपायला लागणारे ते मॉड्यूल मिळत नव्हते.

‘गिट एमव्ही’ (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची नाव बदलण्याची आज्ञा) वापरून मी फाइलचे नाव ‘सॅम्पलर्स.पीवाय’ केले, सर्व कोड पॅकेजच्या फोल्डरात हलवला आणि चाचण्या वेगळ्या ठेवल्या. त्याच ओघात ‘युटिल्स’ (किरकोळ साधने) ही फाइलही फोडली, कारण तिच्यात संकलन (इंटिग्रेशन), अंतर्वेशन (इंटरपोलेशन) आणि एककांचे रूपांतर असे सगळेच कोंबलेले होते. फोर्ट्रान 77 या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत नावाला 6 अक्षरांची मर्यादा असल्याने लॅपॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीत ‘डीजीईएसव्ही’सारखी आखूड नावे आली; आपल्यावर तशी सक्ती नसल्यामुळे मी पूर्ण शब्द वापरले, तेही लहान लिपीत, कारण विंडोजवर केवळ लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळी असलेली दोन नावे सहसा एकच मानली जातात.