कुरूप नव्हे, बूट चुकीचा

अंगठ्याशेजारचं बोट मधल्या सांध्यात वाकून वर आलेलं, त्यावर बूट घासून कुरूप. मी ते ब्लेडने तासत बसायचो (मधुमेह असताना! मूर्खपणाच).

हाडांच्या डॉक्टरांनी बोट चिमटीत धरून सरळ केलं. ‘सरळ होतंय, म्हणजे सांधा आखडलेला नाही. ऑपरेशन नको.’ मग कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि त्यावर माझा बूट ठेवला. दोन्हीकडून रेघ बाहेर!

पुढे रुंद, खोल बूट घेतले, तेही संध्याकाळी, कारण तेव्हा पाय सुजलेले असतात. रोज बोट हाताने ताणणं, जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करणं. तीन महिन्यांत कुरूप गेलं. बोट थोडं वाकडंच आहे, पण दुखत नाही.