शिनाणे पालन: खाडीचं पाणी बदलतंय, या चुका टाळा

शिनाणे म्हणजे खाडीत दोरीवर वाढवायचे हिरवे शिंपले. त्यांच्या पालनात सगळ्यांत महागात पडते ती काढणीची तारीख कॅलेंडर बघून ठरवण्याची चूक. नोव्हेंबर-डिसेंबरात दोरीला बीज, म्हणजे शिनाण्यांची पिल्लं, बांधायचं आणि मेअखेर माल काढायचा, हे गणित कोकणच्या खाड्यांत पक्कं बसलंय. पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, आणि २०२५ मध्ये मान्सूनच २५ मेला तळकोकणात पोहोचला. शिनाण्यांना साधारण २७ ते ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात इतके भाग मीठ) खारेपणा मानवतो. पावसाचं गोडं पाणी आलं की ते शिंपले गच्च मिटून घेतात, खाणं थांबतं, मांस उतरतं. खारेपणा बरेच दिवस १५ च्या खाली राहिला तर मर सुरू होते. म्हणून माल ६० मिलिमीटरचा झाला असेल, तर अजून थोडा वाढेल या आशेवर थांबू नका. चार पैसे कमी मिळतील, पण वर्षाची मेहनत हातात राहील.

खारेपणा मोजतानाही गफलत होते. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. ऐन भरतीला घेतलेला आकडा तर हमखास फसवतो. ओहोटी संपत आली की दोरीच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांजवळचं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, बघा. खाली खारं असेल आणि खोली पुरत असेल तर तराफ्यावरची दोरी खाली सोडा, मात्र तळाच्या गाळाला टेकू देऊ नका.

मांस पातळ निघालं की बीजाला दोष देऊ नका. नुकतीच अंडी सोडलेली असतील किंवा दोरीवर दाटी झाली असेल, तरीही असंच होतं. विरळणी, म्हणजे दाटी कमी करायला काही शिनाणे काढणं, केली का, ते आधी आठवा.

कारण चुकीचं धरलं की काय होतं, ते अमेरिकेत ओरेगॉनच्या व्हिस्की क्रीक हॅचरीने (बीज तयार करणाऱ्या केंद्राने) २००७-०८ च्या सुमारास भोगलं. कालवांची पिल्लं मरत होती, संशय जिवाणूंवर होता. खरं कारण निघालं खोल समुद्रातून वर येणारं आम्लधर्मी पाणी. आता तिथे आम्लता कमी करायला पाण्यात सोडा ॲश (धुण्याचा सोडा) मिसळतात. आपण बीज खडकांवरून आणतो, त्यामुळे हा धोका आज तितका जाणवत नाही. पण हॅचरी काढायचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासून पीएच मोजा.

आणि पाण्याचा रंग अचानक लाल-तपकिरी झाला तर विक्री लगेच थांबवा. विषारी शेवाळाचं विष उकळून जात नाही, स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवूनही नाही. मत्स्य विभागाला कळवा आणि तपासणी होईपर्यंत घरच्यांनाही खायला देऊ नका.