'द अनटचेबल्स' नीट कसा बघायचा

हा १९८७ चा पिक्चर नुसता धाडधाड गोळीबार म्हणून बघितला तर अर्धी मजा हुकते, म्हणून बसायच्या आधी थोडं वाचून घ्या. (पुढे स्टोरी फुटतेय, आधी बघायचा असेल तर बघून या.)

सगळ्यात आधी कायदा समजून घ्या. अमेरिकेत जानेवारी १९२० पासून डिसेंबर १९३३ पर्यंत दारूबंदी होती, पण बंदी होती ती बनवणं, विकणं आणि वाहतुकीवर, पिण्यावर नाही!! म्हणजे गिऱ्हाईक तसंच राहिलं आणि धंदा मात्र आयता गुंडांच्या हातात गेला, शिकागोत तो अल कपोनकडे आला आणि पोलीस, नेते सगळ्यांना हप्ते चालू झाले. हे डोक्यात असलं की पिक्चरचा हिरो, दारूबंदीचा सरकारी अधिकारी एलियट नेस, याला स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास का ठेवता येत नाही ते पहिल्या फसलेल्या धाडीतच कळतं.

आता मेन गोष्ट, बंदुकीपेक्षा हिशोबाच्या वहीवर लक्ष ठेवा. चष्मेवाला अकाउंटंट वॉलेस जेव्हा टॅक्सचं बोलायला लागतो ना, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा, कारण खरी केस तीच आहे. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की बेकायदा कमाईवरपण टॅक्स लागतो आणि कपोन अडकला तो यातच. खऱ्या आयुष्यात हे काम टॅक्स खात्याच्या फ्रँक विल्सनने केलं, एका जुगाराच्या अड्ड्यावर १९२६ मध्ये पकडलेल्या वह्या धूळ खात पडल्या होत्या त्या त्याने शोधल्या, मग अक्षर जुळवत जुळवत ती लिहिणारा मुनीम मायामीत गाठला आणि त्याला साक्षीला उभा केला. मला तर हे पिक्चरमधल्या कुठल्याही फायटिंगपेक्षा भारी वाटतं. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली, आणि नेसच्या टीमने दारूच्या गुन्ह्यांचे जे हजारो आरोप गोळा केले होते ते कोर्टात चाललेच नाहीत.

मग नेसने काय केलं? बिअरचे कारखाने फोडले. रिकामी पिंपं परत कुठे जातात त्याचा पाठलाग करायचा आणि ट्रकला पुढे लोखंडी बंपर लावून दरवाजा तोडायचा. त्यात कपोनचा पैसा गेला आणि नेसच्या माणसांनी लाच घेतली नाही म्हणून त्यांना 'अनटचेबल्स' हे नाव पडलं.

काय खरं काय खोटं तेपण बघताना लावत चला. नेसच्या टीममधला म्हातारा पोलीस, शॉन कॉनरीचा मॅलोन, काल्पनिक आहे (ऑस्कर मात्र खरा, आणि एकदम हक्काचा). कपोनचा माणूस निट्टीला गच्चीवरून ढकलतात ते साफ खोटं, तो १९४३ मध्ये स्वतःच्या हाताने मेला. पण जज ऐनवेळी ज्युरी बदलतो ते फिल्मी वाटत असलं तरी खरोखर घडलंय.

स्टेशनच्या जिन्यावरचा सीन दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त बाबागाडीची चाकं आणि घड्याळ. तो १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन' वरून घेतलाय, तोपण बघून टाका.

आवडला तर १९५९ ची रॉबर्ट स्टॅकवाली सिरीज घ्या, सुरुवात 'द स्कारफेस मॉब' पासूनच करा.