जुन्या मागालाही वाचता येईल असा पेनड्राइव्ह कसा तयार करावा

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास भाच्याचा फोन आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात तो डिझाइन करतो. "मामा, नवा पेनड्राइव्ह लावलाय, पण जकार्डवर काहीच दिसत नाही." जकार्ड म्हणजे मागावर नक्षी पाडणारं यंत्र. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, नवाकोरा. बिघाड त्याच्यातही नव्हता आणि मागातही नव्हता. पेनड्राइव्हची फाइलसिस्टिम एक्सफॅट होती, आणि जकार्डच्या जुन्या कंट्रोलरला फॅट३२ या जुन्या फाइलसिस्टिमच्या पुढचं काही कळत नव्हतं.

फाइलसिस्टिम म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवलीय याची खतावणी. ती नव्या पद्धतीने लिहिली की जुन्या दिवाणजीला पानच लागत नाही.

म्हणून आधी यादी करा. हा पेनड्राइव्ह कुठे कुठे लागणार? ऑफिसातला विंडोज ११, घरचा लिनक्स, नवी पेठेतलं झेरॉक्सचं दुकान, माग. यादीतलं सर्वांत जुनं यंत्र जे वाचतं तेच निवडायचं.

आता निवड. फॅट३२ आलं १९९६ मध्ये, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर, आणि आज जवळपास सगळीकडे चालतं. अट एकच, एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. मागाच्या नक्षीची फाइल त्याच्या आसपासही जात नाही. लग्नाच्या व्हिडिओसाठी मात्र एक्सफॅट घ्या. ते २००६ चं, मॅकवर १०.६.५ पासून चालतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ते २०१९ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टने तपशील खुला केल्यावर. एनटीएफएस ही विंडोजची फाइलसिस्टिम १९९३ ची आणि भक्कम, पण मॅक ते नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही. शिवाय विंडोज फॅट३२ चं एनटीएफएस डेटा न पुसता करून देतं; उलटं करायचं तर फॉरमॅटच मारावा लागतो.

जुन्याला न दुखावता नवं कसं आणावं, याचा एक नमुना फॅटमध्येच आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरं, बस्स. १९९५ मध्ये लांब नावं आणायची होती, पण जुने प्रोग्राम बंद पडू द्यायचे नव्हते. मग लांब नाव वेगळ्या नोंदींत ठेवलं आणि त्या नोंदींवर 'फक्त वाचनासाठी', 'लपलेली', 'सिस्टिमची' आणि 'डिस्कचं लेबल' अशा चारही खुणा एकदम मारल्या. खऱ्या फाइलवर असं कधी नसतं, त्यामुळे जुने प्रोग्राम त्या नोंदी ओलांडून पुढे जात. हे डोकं लढवणाऱ्याला माझा नमस्कार. तुम्ही मात्र मागासाठी नाव आठ इंग्रजी अक्षरांतच ठेवा; कंट्रोलरला लांब नावं कळतीलच असं नाही.

फॉरमॅटआधी आतला डेटा दुसरीकडे काढा. मग विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फॅट३२. ड्राइव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर हा पर्याय तिथे सहसा दिसत नाही. ती मर्यादा त्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ३० जीबीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करून काम भागतं, पण खरं सांगू? मागासाठी सरळ १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. पार्टिशनची पद्धत एमबीआर ही जुनी ठेवा, नवी जीपीटी जुन्या यंत्रांना बहुधा झेपत नाही. पहिली चाचणी सर्वांत जुन्या यंत्रावर, एका लहान फाइलने. आणि इजेक्ट केल्याशिवाय उपसू नका. फॅट३२ आणि एक्सफॅट दोन्हींत जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नाही; लिहिता लिहिता खेचलं तर खतावणी अर्धवट राहते.

लिनक्सवर बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये असेल तर थोडं वेगळं. त्यात प्रत्येक नव्या सोयीवर खूण असते, तीन प्रकारची. पहिली असली तर जुना कर्नल खुशाल वाचतो, लिहितो. दुसरी असली तर फक्त वाचू शकतो. तिसरी अनोळखी निघाली तर माउंटच करत नाही, म्हणजे डिस्क उघडतच नाही, आणि ते बरंच, न कळता लिहून नासाडी करण्यापेक्षा. तपासणीचा प्रोग्राम याहून कडक असतो. २०२३ च्या नव्या साधनांनी फॉरमॅट केलेली डिस्क जुन्या लिनक्सवर माउंट झाली तरी तिथला तपासनीस ओळखीची नाही म्हणून हात लावत नाही. तेव्हा दोन संगणकांत फिरणारी डिस्क जुन्या संगणकावर फॉरमॅट करा. नवा कर्नल जुनं वाचतो. ईएक्सटी४ चा ड्रायव्हर ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३ सुद्धा उघडतो.

भाच्याने १६ जीबीच्या ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून 'फक्त माग' असं लिहिलंय. ६४ जीबीचा घरी आला, त्यावर आता यात्रेचे व्हिडिओ आहेत.