रोज संध्याकाळी कुत्र्याच्या अंगावरून हात: गोचीडतापापासून जपण्यासाठी

पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज, लेप्टो या सगळ्यांवर लस आहे. गोचीडतापावर आपल्याकडे लस मिळत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दमट हवेत वळवाच्या पावसापासून दसरा-दिवाळीपर्यंत कुत्र्यांना हाच ताप सगळ्यात जास्त छळतो. त्याच्यापुढे खात्रीचं हत्यार म्हणजे तुमचा हात. रोज एकाच वेळी, दहा मिनिटं, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

हात फिरवायचा म्हणजे पाठीवर थोपटायचं नाही. बोटांची टोकं कातडीला लागली पाहिजेत आणि केसांच्या उलट्या दिशेनं सरकली पाहिजेत. सुरुवात कानापासून करा. पाळी उलटी करून आतली घडी आणि कानाच्या कडेची छोटी खाच पाहा. मग पट्टा काढून मान चाचपा. पट्टा परत घालताना त्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पुढे काखा, जांघा, शेपटीखाली, आणि शेवटी पंजे, प्रत्येक दोन बोटांमधली जागा. पंजे शेवटी अशासाठी की बहुतेक कुत्र्यांना तिथे हात लावलेला आवडत नाही.

रक्त पिऊन भरलेली मादी तुरीच्या दाण्याएवढी, करडी आणि गुळगुळीत लागते. उपाशी गोचीड चपटी, तांबूस, तिळाएवढी. नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं मोहरीहून बारीक असतात. ती कानात आणि बोटांच्या बेचक्यात पुंजक्यानं बसतात आणि मातीचे कण समजून सुटून जातात. उलटी चूकही होते. पोटावरची स्तनाग्रं नरालाही असतात, आणि गोचीड समजून ती चिमट्यानं ओढली जातात. चामखिळीचंही तेच. ओढण्याआधी उजेडात धरून पाय दिसतात का ते पाहा.

मुधोळ हाउंडच्या आखूड केसांत गोचीड लगेच सापडते. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियन असेल तर केस फुंकर मारून दुभंगावे लागतात, आणि दहा मिनिटांची वीस होतात. तेवढा वेळ द्याच.

कुत्रं गुरगुरलं तर ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे त्याचं ‘पुरे’. ते दाबलं तर पुढच्या वेळी सूचना न देताच दात लागतात. तिथेच थांबा, त्याला आवडतो त्या भागावर हात आणा, आणि दुसऱ्या दिवशी पंजाला क्षणभरच हात लावून लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्या. आठ-दहा दिवसांत ते पंजा स्वतः पुढे करतं. पिल्लू घरी आणल्या दिवसापासून ही सवय लावली तर पुढे डॉक्टरच्या टेबलावरही ते शांत राहतं.

गोचीड काढताना

बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडीचं पोट धरू नका. कातडीला अगदी लागून, तोंडाजवळ धरा. एकाच संथ जोरानं सरळ वर ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका. पोट दाबलं गेलं तर आतला द्रव जखमेत उलटतो. तोंडाचा बारीक तुकडा कातडीत राहिला तर खणत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो. रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, उदबत्तीचा चटका हे सगळं बंद. गोचीड चवताळून आणखी लाळ सोडते, आणि त्या लाळेतच रोग असतो. शिवाय कुत्र्याची कातडी भाजते ते वेगळंच.

काढलेली गोचीड नखानं चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. जागा साबणानं धुवा, तुमचे हातही. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. ताप साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो, तोवर गोचीड निघाली होती हे घरात कुणाच्या लक्षातही नसतं.

कुत्रं स्वच्छ, घर मात्र भरलेलं

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच पिढ्या वाढवते. भरलेली मादी खाली पडते, भिंत चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. जांभ्या दगडाच्या उघड्या भिंती, चौकटीमागची पोकळी, पलंगाचे सांधे, परड्यातल्या कौलांचा ढीग या तिच्या जागा. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून महिन्यानं परत गोचीड दिसली की ‘औषध बोगस’ म्हणू नका. फटी सिमेंटनं बुजवा, अंथरूण आठवड्याला कढत पाण्यात धुवा, केर बाहेर नेऊन जाळा. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही एकाच दिवशी औषध द्या. किमान तीन महिने हे चालू ठेवलं तरच साखळी तुटते.

औषध कुत्र्याच्या वजनावर ठरतं, म्हणून दुकानात जाण्याआधी वजन करा: कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब महिनाभर चालतात. ते केस बाजूला करून थेट कातडीवर, खांद्यांच्या मधे टाकायचे, आणि आधी-नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही. मुसळधार पावसात भिजणाऱ्या कुत्र्याला तोंडानं द्यायची गोळी बरी पडते. काही महिनाभर, फ्लुरालेनरची सुमारे बारा आठवडे काम करते. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर हे डॉक्टरना आधी सांगा.

गोठ्यात म्हशींसाठी आणलेलं औषध ‘थोडंसं’ कुत्र्याला लावणं फार धोक्याचं आहे. त्यातलं अमिट्राझ जास्त झालं की कुत्रं सुस्तावतं, लडखडतं, नाडी मंदावते. जनावरांचं आयव्हरमेक्टिन कॉलीसारख्या जातींना मेंदूवर भारी पडतं, आणि अंदाजानं दिलं तर इतरांनाही. परमेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला चालतं पण घरातल्या मांजराचा जीव घेतं.

हिरडी काय सांगते

हात फिरवून झाला की वरचा ओठ उचला. निरोगी हिरडी ओली आणि गुलाबी असते. अंगठा दाबून सोडा: पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. काही जातींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. तुमच्या कुत्र्याचा रोजचा रंग नजरेत बसला की फिकेपणा पहिल्या दिवशीच कळतो.

तापासाठी नाकाचा ओलेपणा पाहू नका, तो फसवतो. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात दोन सेंटिमीटर घाला. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट नेहमीचं. १०३ च्या वर ताप. जेवण सोडणं, जिना चढायला नको म्हणणं, पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तास मोजा, दिवस नाही. ते बबेसियाचं, म्हणजे गोचिडीतून रक्तात शिरणाऱ्या एका जंतूचं, लक्षण असू शकतं.

रक्ततपासणी मागा. प्लेटलेट दोन लाखांच्या खाली गेल्या तर एर्लिकियाचा, म्हणजे गोचीडतापाच्या दुसऱ्या जंतूचा, संशय बळावतो. काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणून रोग नाही असं होत नाही. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागतं आणि इथेच गोळ्या बंद होतात. रोग दबतो, महिन्यांनी हाडाच्या मगजापर्यंत पोहोचून परत उठतो. गोळी उपाशीपोटी नको आणि दूध-दह्यासोबतही नको. भात-चिकनच्या घासात द्या, वर पाणी पाजा. घरातली ब्रुफेन, डायक्लोफिनॅक चुकूनही देऊ नका; पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

बाकीचं थोडक्यात. फिरून आल्यावर पंजे पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर बुरशी धरते. भातखाचरातलं, गटारातलं पाणी पिऊ देऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टो येतो, आणि तो माणसालाही होतो. त्याची लस वर्षातून एकदा टोचावीच लागते. उसाच्या फडाकडे किंवा परड्यात साप चावला तर बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर सूज येते. पट्टा लगेच काढा, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका, उचलून न्या. जांबोटी-कणकुंबीच्या रानात कुत्र्याला फिरवलं तर स्वतःचेही पाय तपासा. माणसाला होणारा माकडताप पसरवणारी गोचीड वेगळी, पण सह्याद्रीच्या जंगलातलीच. तो रोग १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात ओळखला गेला.

सरकारी दवाखान्याच्या पाटीवर कन्नडमध्ये ‘पशु आस्पत्रे’ लिहिलेलं असतं. जाताना लसीची वही, कॅलेंडरवरच्या तारखा, वजन आणि ताप एका कागदावर लिहून न्या. भाषेची अडचण आली तरी आकडे वाचता येतात.

गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशे आणि साउंड बॉक्सनी कुत्रं कॉटखाली शिरतं, दोन-दोन दिवस जेवत नाही, आणि घरच्यांना वाटतं आवाजामुळेच. पुष्कळदा ते खरंही असतं. मधल्या खोलीत, खिडक्या लावून, जुन्या चादरीचा आडोसा करून द्या. जवळ बसलात, थोपटलंत तर भीती वाढत नाही. विसर्जनाच्या रात्री बाहेर बांधून ठेवू नका, साखळी तोडून पळतं. पण त्या दिवसांतही हात फिरवणं आणि ओठ उचलून पाहणं चुकवू नका. मिरवणूक संपून दुसरा दिवस उजाडला आणि तरीही ताटली तशीच राहिली, तर थर्मामीटर लावा.